उंचावरची कॉफी आणि मातीची चव

पेण-रोह्याकडील वाचकांस ‘मातीची चव’ हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. भात कापून झाल्यावर खाचरातील उरल्या ओलीवर जे वाल पेरले जातात, त्यांच्या कोवळ्या शेंगा पौष-माघात भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून भाजल्या म्हणजे जी पोपटी होते, तिची गोडी परगावच्या शेंगांस येत नाही, असे आपल्याकडील वडील माणसे अभिमानाने सांगतात. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील पांढरा कांदा तर ह्याच गुणाने सरकारदरबारी मान्यता पावला आहे. त्याची गोडी व त्याचा सौम्यपणा त्या भूमीचाच आहे, हे ओळखून २०२२ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कांद्याचा तिखटपणा त्यातील गंधकयुक्त द्रव्यांवर अवलंबून असतो, आणि जमिनीतून पिकास गंधक कमी मिळाला की तो तिखटपणाही कमी होतो, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राने दाखवून दिलेली आहे. तेव्हा ‘मातीची चव’ हा केवळ जिव्हाळ्याचा शब्द नसून त्यामागे कार्यकारणभाव आहे, हे विद्यार्थ्यांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

हा विषय येथे मांडण्यास एक निमित्त घडले. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत रोहे तालुक्यातील एक पालक आमच्या घरी आले. त्यांची मुलगी आमच्या शाळेत नववीत शिकते. डोंगराच्या उतारावर त्यांची तीन एकर वरकस जमीन आहे. कोणी एक रोपे विकणारा गृहस्थ त्यांस भेटला होता. कॉफी डोंगरात होते, तुमच्यापाशी डोंगर आहे, चौथ्या वर्षापासून घरी बसून पैसा मोजावा, असे त्याने त्यांस सांगितले होते. रोपांची किंमत आगाऊ द्यावयाची होती, आणि तेवढ्यासाठी घरातील सोने गहाण ठेवण्यापर्यंत गोष्ट आली होती. ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, तुम्ही शास्त्र शिकवता. कॉफी डोंगरात होते ना? मग आपल्या डोंगरात होईल की नाही, एवढेच सांगा.”

प्रश्न सरळ होता. पण आम्हांस त्याचे उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. “दादा, आठ दिवस थांबा, सोने घरातच असू द्या,” एवढेच आम्ही म्हणालो. त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले, जे ताडून पाहिले, त्याचे सार पुढे देत आहो.

कॉफीचे कूळ

जिला जुन्या मराठीत बुंद हेही नाव होते, त्या कॉफीच्या व्यापारात मुख्यतः दोन जाती आहेत: अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका ही मूळची इथिओपियाच्या डोंगराळ अरण्यांतील. तेथून ती लाल समुद्रापलीकडे येमेनात गेली, आणि मोखा बंदरातून तिचा व्यापार जगभर पसरला. हिंदुस्थानात ती सतराव्या शतकात आली. बाबा बुदन नावाचे एक सूफी साधू हजयात्रेहून परतताना मोखाहून सात बिया घेऊन आले व त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगरास आजही बाबाबुदनगिरी असेच म्हणतात.

ह्या दोन जातींचे स्वभाव भिन्न आहेत. अरेबिकास थंड व सम हवा हवी. १५ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ती सुखाने वाढते. आपल्या देशात तिच्या बागा साधारणतः १००० ते १५०० मीटर उंचीवर असतात. रोबस्टा उष्ण व दमट हवा सहन करते, म्हणून ती ५०० ते १००० मीटरांच्या पट्ट्यात लावतात. रोबस्टाच्या बीमध्ये कॅफीन हे द्रव्य अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. हे द्रव्य कडू असून किडीस मारक आहे. उष्ण सखल भागात कीड अधिक, तेव्हा तेथल्या झाडापाशी हे शस्त्रही अधिक, असे मानता येते. उलटपक्षी अरेबिकाच्या बीत साखरेचा अंश अधिक असतो. म्हणून रोबस्टाचा पेला कडक व भरदार लागतो, तर अरेबिकाचा पेला सुवासिक, किंचित आंबटगोड व नाजूक लागतो.

उंचीने काय होते?

भूगोलाच्या तासाला विद्यार्थी शिकतात की, समुद्रसपाटीपासून वर चढत गेले असता दर १००० मीटरांस हवा सरासरीने सुमारे ६.५ अंश सेल्सिअस थंड होते. आपल्याच जिल्ह्यातील माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे; तेव्हा पेणच्या खलाटीहून तेथील हवा सुमारे ५ अंश थंड असणार, हे गणित कोणासही करता येईल.

आता थंडीचा आणि चवीचा संबंध पाहू. उष्ण हवेत कॉफीचे फळ घाईने पिकते. थंड हवेत तेच फळ सावकाश पिकते. अरेबिकाच्या फुलापासून पिकल्या फळापर्यंत आठ-नऊ महिने लागतात, आणि उंचावर हा काळ आणखी लांबतो. ह्या लांबलेल्या काळात बीमध्ये साखर व इतर रसद्रव्ये साठत जातात आणि बी घट्ट व जड होते. शिवाय झाडही आपल्याप्रमाणे रात्रंदिवस श्वसन करीत असते, व त्या श्वसनात दिवसा कमावलेली साखर खर्च होते. रात्र थंड असली म्हणजे हा खर्च कमी होतो. मंद आचेवर शिजलेले वरण आणि घाईने उकळलेले वरण ह्यांत जो भेद गृहिणीस जिभेवर कळतो, तसाच हा भेद समजावा.

ह्यावरून कोणी असे समजेल की, चवीचे सारे रहस्य उंचीत आहे. पण तसे नाही. उंची हे थंडीचे एक साधन आहे; विषुववृत्तापासूनचे अंतर हे दुसरे. विषुववृत्ताजवळच्या देशांत उत्तम अरेबिकासाठी १५०० मीटर आणि त्याहूनही वर जावे लागते. पण हवाई बेटावरील कोना हा प्रांत सुमारे १९½ उत्तर अक्षांशावर असून तेथे १५० ते ९०० मीटर उंचीवरच नामांकित कॉफी पिकते.

महाराष्ट्राची कॉफी

ह्याचे घरचे उदाहरण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, अचलपूरच्या उत्तरेस, सुमारे १११८ मीटर, म्हणजे ३६०० फुटांहून अधिक उंचीवर हे ठिकाण वसलेले आहे. विराटाच्या कीचकास मारून भीमाने ज्या दरीत टाकले ती कीचकदरा, व तिचाच पुढे चिखलदरा झाला, अशी लोककथा तेथे सांगतात. जवळच गाविलगडचा किल्ला आहे, जो १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. पुढे ब्रिटिश अमदानीत ह्या थंड डोंगरात कॉफीची लागवड झाली, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून आजही चिखलदऱ्याचेच नाव घेतात.

चिखलदरा सुमारे २१½ उत्तर अक्षांशावर आहे, तर चिकमगळूर १३ अंशांच्या थोडेसे वर. म्हणजे आठ अंश उत्तरेस जाऊनही कॉफी तेथे जगली. हिंदुस्थानातील मुख्य कॉफीप्रदेशापासून इतक्या दूर ती जगली ह्याचे श्रेय त्या उंचीस आहे; खालच्या वऱ्हाडच्या मैदानातील वैशाखाचे ऊन तिला सोसले नसते. ही बाग थोडी आणि तिचे पीकही थोडे. मेळघाटच्या त्या प्रदेशात कोरकू बांधवांची वस्ती आहे. आपल्याच भाषेच्या राज्यात, आपल्याच डोंगरात पिकणाऱ्या ह्या कॉफीचे नाव आपल्यांपैकी कितीजणांनी ऐकले असेल, ह्याची आम्हांस शंका आहे. आम्ही स्वतः चाळिशी उलटेपर्यंत ते ऐकले नव्हते, हे येथे कबूल करतो.

एकाच अक्षांशावरील तीन गावे

आता आमच्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. रोहे सुमारे १८ अंश २६ कला उत्तर अक्षांशावर आहे. नकाशावर ह्याच रेषेने पूर्वेस जात राहिले तर आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटात अराकूचे खोरे लागते, आणि तेथे आदिवासी शेतकरी उत्कृष्ट अरेबिका पिकवितात. कोनाही ह्या अक्षांशापासून फार दूर नाही. मग एकाच पट्ट्यातील दोन ठिकाणी कॉफी आणि तिसऱ्या ठिकाणी नाही, असे का? आम्हांस हाच प्रश्न फार उद्बोधक वाटला, कारण ह्यात अक्षांशाचे निमित्त गळून पडते व उरलेली कारणे उघडी होतात.

पहिले कारण उंचीचे. अराकूच्या बागा सुमारे ९०० ते ११०० मीटर उंचीवर आहेत. रोह्याच्या आसपास डोंगर आहेत खरे, पण ज्या उतारावर आपली वरकस जमीन असते तो उतार ह्या उंचीच्या जवळपासही जात नाही. ‘डोंगर’ ह्या एका शब्दाने विकणाऱ्याने दोन अगदी निराळ्या गोष्टी एक करून दाखविल्या होत्या.

दुसरे कारण पावसाच्या वेळापत्रकाचे, आणि आमच्या मते हेच अधिक महत्त्वाचे. आपल्याकडे पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. उलट तो कॉफीस लागतो त्याहून जास्तच पडतो. अरेबिकास वर्षाकाठी साधारण १६०० ते २५०० मिलिमीटर पाऊस पुरेसा होतो. परंतु पाऊस किती, ह्याहून तो केव्हा, हा प्रश्न कॉफीस अधिक जिव्हाळ्याचा आहे. कॉफीची कळी कोरड्या दिवसांत झाडावर निजून राहते. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर, सुमारे २५ ते ४० मिलिमीटरांची, पडली की ती कळी जागी होते व आठ-दहा दिवसांत सारी बाग मोगऱ्यासारखी पांढरी फुलून येते. कॉफीच्या मुलखात ह्या सरीस फुलोऱ्याचा पाऊस म्हणतात. पुढे काही आठवड्यांनी दुसऱ्या सरी आल्या म्हणजे ते फळ धरून राहते. चिकमगळूर-कुर्गकडे हे पाऊस येतात. अराकूकडेही उन्हाळ्यात गडगडाटी सरी पडतात. कोनाकडे तर उन्हाळा हाच पावसाचा मोसम आहे, दुपारी डोंगरावर ढग जमून झाडांस आपोआप सावली मिळते, आणि समुद्राच्या वाऱ्याने उष्मा मर्यादेत राहतो. आपल्याकडे मात्र दिवाळीनंतर जे आकाश मोकळे होते ते बहुधा मृगाचीच वाट पाहते. म्हणजे कळीस जेव्हा पाणी हवे तेव्हा आपल्या विहिरीही तळास गेलेल्या असतात.

तिसरे कारण सावलीचे व मातीचे. हिंदुस्थानातील कॉफी बहुतांशी मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढते. फणस, पांगारा, सिल्व्हर ओक अशी झाडे वरून छत्र धरतात, त्यांचा पालापाचोळा जमिनीस खत देतो व ओल राखतो, आणि त्यांवर मिरीचे वेलही चढवितात. अशी छाया उभी करावयास एक पिढी जाते. आपल्या उघड्या वरकस उतारावर आषाढाच्या धारा माती धुऊन नेतात आणि वैशाखात कातळ तापतो. तेथे कॉफीचे पोर कोठे आसरा घेणार?

येथे आमचाच एक अनुभव सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी हौसेने आम्ही आमच्या परसात कॉफीची चार रोपे लावली होती. तीन पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. चौथे विहिरीच्या काठी फणसाच्या सावलीत होते, ते जगले; त्यास चौथ्या वर्षी मूठभर फळेही आली. ती आम्ही वाळवून, लोखंडी कढईत भाजून, कुटून प्यालो. पेय काळे झाले होते, गरम होते आणि कडू होते. ह्यापलीकडे त्याविषयी चांगले काही लिहिता येत नाही. झाड जगणे ही एक गोष्ट, फळ धरणे ही दुसरी, आणि त्या फळास चव येणे ही तिसरी, हे आम्हांस तेव्हा कळले. पण ह्या तिहींची कारणे शोधण्याचा आळस आम्ही केला, आणि म्हणूनच पालकांच्या प्रश्नापुढे आमचा विद्यार्थी झाला.

फळापासून पेल्यापर्यंत

चव जमिनीत जन्मते, परंतु ती पेल्यापर्यंत सुखरूप पोचविणे हे माणसाच्या हाती असते. पिकलेले लाल फळ तोडून तसेच सालीसह उन्हात वाळविले, तर गराची गोडी बीत काहीशी उतरते व पेला भरदार लागतो. उलट, फळाची साल यंत्राने काढून, बीभोवतीचा बुळबुळीत थर सुमारे एक-दीड दिवस आंबवून पाण्याने धुऊन टाकला व मग बी वाळविले, तर चव स्वच्छ व आंबटसर उतरते. ज्यांनी घरी आमसुले करताना पाहिली असतील, त्यांस हे सांगणे नको की, एकाच रातांब्याचा गुण वाळविण्याच्या रीतीने केवढा पालटतो. सुमारे पाच-सहा किलो पिकली फळे घ्यावी तेव्हा एक किलो स्वच्छ कच्चे बी हाती येते, आणि भाजताना त्यातीलही सुमारे सहावा हिस्सा वजन उडून जाते. ‘घरी बसून पैसा मोजण्याच्या’ हिशेबात हे आकडे कोणी सांगत नाही.

कच्च्या बीस कॉफीचा वास नसतो. सुमारे २०० अंशांपर्यंत भाजल्यावर ती तडतडते, तिच्यातील साखर व नत्रयुक्त द्रव्ये एकमेकांशी संयोग पावतात, आणि शेकडो सुगंधी द्रव्ये उत्पन्न होतात. भाजणे बेताचे असेल तर गावाची ओळख टिकते. करपून कोळसा झालेल्या दाण्यास गाव राहत नाही.

ह्या संदर्भात एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यास सुरू होतो आणि सुमारे ७४० किलोमीटर जाऊन मंगळुरुजवळ ठोकूर येथे संपतो, हे आपल्याकडील मुलांस ठाऊक आहे. त्या दुसऱ्या टोकास, मंगळुरुच्या किनाऱ्यावर, एक विलक्षण कॉफी तयार होते. शिडाच्या जहाजांच्या काळी मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेस वळसा घालून युरोपात जावयास कित्येक महिने लागत. तेवढ्या काळात समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगून पिवळट होत आणि त्यांचा आंबटपणा जाऊन चव मऊ होई. पुढे वाफेची जहाजे आली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास थोड्या आठवड्यांचा झाला, आणि कॉफी ताजी पोचू लागली. तेव्हा तिकडचे ग्राहक तक्रार करू लागले की, आमची जुनी चव कोठे गेली? मग व्यापाऱ्यांनी युक्ती काढली. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरील उघड्या बाजूंच्या गुदामांत दाणे पसरून त्यांस पावसाळी वारा मुद्दाम खाऊ घालावयाचा, व ते पुनःपुन्हा हलवावयाचे. हीच ‘मान्सून्ड मलबार’ कॉफी. हिलाही भौगोलिक मानांकन लाभले आहे. जो दमट वारा आपल्या घरी पापडास बुरशी आणतो, तोच तेथे कॉफीस मोल आणतो! गुण-दोष वस्तूत असतात तितकेच त्यांचा उपयोग जाणण्यात असतात, असे ह्यावरून दिसेल.

नावाचे मोल आणि नावाची चोरी

२०१९ साली कुर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू येथील अरेबिकास आणि वायनाडच्या रोबस्टास भौगोलिक मानांकन देण्यात आले. ह्याचा अर्थ, त्या प्रदेशाबाहेरील मालास ते नाव लावता येत नाही. हे नुसते मानपत्र नव्हे. कॉफीच्या बागायतदारांत बहुसंख्य लोक लहान शेतकरी आहेत. गावाचे नाव हेच त्यांचे भांडवल होय. ते नाव दुसऱ्याने लावले तर त्यांच्या घामाची किंमत दुसऱ्याच्या पेटीत जाते. अलिबागच्या कांद्याच्या नावाने भलताच पांढरा कांदा रस्त्याच्या कडेला माळा करून टांगलेला कोणी पाहिला असेल, तर त्यास हे दुःख समजेल.

ग्राहकानेही डोळे उघडे ठेवावे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत चिकोरी नावाच्या मुळीची भाजलेली पूड मिसळलेली असते. मिश्रण करण्यास कायद्याची मनाई नाही, मात्र त्यात कॉफीचा अंश निदान ५१ टक्के असावा व प्रमाण पुड्यावर छापलेले असावे, असा नियम आहे. ज्यास चिकोरीची चव आवडते त्याने ती खुशाल घ्यावी. पण पुडा वाचून घ्यावी.

ह्या बागांपुढे आज एक मोठे संकटही आहे. १८६९ सालीच सिलोनात कॉफीच्या पानांवर तांबेरा पडल्याचे प्रथम नोंदले गेले, आणि थोड्या वर्षांत तेथील कॉफीचा धंदा बुडून त्या बागांत चहा आला. आपल्या देशात बाळेहोन्नूर येथे १९२५ साली संशोधनकेंद्र निघाले व तेथे तांबेऱ्यास तोंड देणारे वाण निपजविण्यात आले. तांबेरा उष्ण-दमट हवेत बळावतो. थंड उंची ही झाडाची तटबंदी होती. परंतु पृथ्वीची हवा तापत चालल्याने ही तटबंदी वर वर सरकत आहे, आणि डोंगरास माथा असतो. त्याच्यावर कोठे चढणार? अवेळी पाऊस आला तर फुलोराही चुकतो. म्हणून उंचावरच्या चवीचे रक्षण हा केवळ रसिकांचा प्रश्न नसून हजारो कुटुंबांच्या भाकरीचा प्रश्न आहे.

वर्गातील परीक्षा

शाळा उघडल्यावर आम्ही नववीच्या वर्गात एक लहानसा प्रयोग केला, तो पालकांनी घरीही करून पाहावा. तीन पेल्यांवर कागदाचे वेष्टन घालून त्यांवर केवळ १, २, ३ असे आकडे लिहिले. एकात उंचावरची अरेबिका, दुसऱ्यात रोबस्टा, तिसऱ्यात चिकोरीमिश्रित कॉफी. पूड तिहींत सारखीच, पाणी सारखेच, दूध-साखर कशातही नाही. प्रत्येकास एकेक चमचा. प्रथम वास, मग चव, मग गिळल्यावर जिभेवर काय उरते ते वहीत लिहावयाचे. पहिल्या पेल्याविषयी कोणी ‘लिंबाची साल’ लिहिले, कोणी ‘गूळ’. दुसऱ्याविषयी ‘भाजलेले शेंगदाणे’ व ‘कडक’. तिसऱ्यास बहुतेकांनी ‘आमच्या घरची’ म्हणून ओळखले, तेव्हा वर्गात हशा पिकला. कोणाचेही उत्तर चूक नव्हते. सवयीची चव व वस्तूची चव ह्या दोहोंत अंतर आहे, एवढे मुलांस कळले म्हणजे प्रयोग सफळ झाला.

उपसंहार

आठ दिवसांनी ते पालक पुन्हा आले. आम्ही त्यांस नकाशा दाखविला, अराकू दाखविले, रोहे दाखविले, आणि विचारले, “दादा, तुमच्या उतारावर चैत्रात पाणी आहे का?” ते बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चैत्रात प्यायला पुरते तेवढे पुष्कळ.” उत्तर त्यांचे त्यांनीच दिले. सोने पेटीतच राहिले. त्या पावसाळ्यात त्यांनी उतारावर काजूची कलमे लावली, आणि खालच्या खाचरात नेहमीप्रमाणे भातामागून वाल पेरले.

मात्र त्यांच्या मुलीने आमच्या फणसाखालच्या झाडाचे एक रोप मागून नेले व ते मोरीच्या पाण्याकाठी लावले आहे. ती रोजचे उष्णतामान वहीत टिपते, आणि कळी केव्हा धरते ह्याची वाट पाहते. त्यास चवदार फळ येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. पण का येणार नाही, हे तिला स्वतः पाहावयाचे आहे. आमच्या मते शास्त्राचा अभ्यास तो हाच.

विद्यार्थीमित्रहो, कोणी एखादी गोष्ट पिकविण्याचा किंवा विकण्याचा सल्ला देईल, तेव्हा पाच प्रश्न विचारावयास विसरू नका: उंची किती? अक्षांश कोणता? पाऊस केव्हा? सावली व माती कशी? आणि पीक हाती आल्यावर त्याचे पुढे काय करावयाचे? चिखलदऱ्याने चिकमगळूर होण्याचा हट्ट धरला नाही, आणि पेण-रोह्यानेही धरू नये. ज्या भूमीस वाल, भात आणि काजू ह्यांचे दान मिळाले आहे, तिच्या लेकरांनी परक्या दानाचा हेवा करण्यापेक्षा आपल्या दानाचा गुण ओळखावा, त्याचे नाव जपावे, आणि दुसऱ्याच्या डोंगरात पिकलेला पेला पिताना त्या डोंगरावरील माणसाचीही आठवण ठेवावी.